निकालपत्रांत नसलेली शिक्षा

फौजदारी न्यायालयांत खटल्याचा निकाल लागतो त्या वेळचा देखावा आमच्या बहुतेक वाचकांनीं एकदां तरी पाहिला असेल. न्यायाधीश निकालपत्राचा शेवटचा परिच्छेद वाचतात. दोन वर्षें सक्तमजुरी, इतके हजार रुपये दंड, दंड न भरल्यास आणखी दोन महिने कैद, असे मोजूनमापून शब्द उच्चारले जातात, आणि शिपाई त्या माणसाचा हात धरून त्यास मागच्या दारानें घेऊन जातो. त्या निकालपत्रांत काय आहे तें सर्वांस ठाऊक असतें. त्यांत काय नाहीं याचा विचार मात्र फारसा कोणी करीत नाहीं. या माणसास रात्रीं बराकींत त्याच्याहून बळकट अशा चार कैद्यांच्या हवालीं करावें, किंवा या बाईच्या अब्रूवर पहारेकऱ्याचा हक्क राहील, असें त्यांत कोठेंही लिहिलेलें नसतें. अशी शिक्षा देण्याचा अधिकार या देशांतल्या कोणत्याही न्यायाधीशास नाहीं. सर्वोच्च न्यायालयासही नाहीं. असें असतां ही शिक्षा दिली जाते. ती कोणी लिहीत नाहीं, तिच्यावर अपील चालत नाहीं, आणि मुदत संपली तरी ती भोगून झाली असें म्हणतां येत नाहीं. तुरुंगांत व पोलीस कोठडींत होणाऱ्या लैंगिक अत्याचाराविषयीं आज आम्ही लिहीत आहों.

हा विषय सभ्य माणसांनीं चारचौघांत काढावयाचा नव्हे, असें कांहीं वाचक म्हणतील. १८९१ सालीं संमतिवयाच्या बिलाची चर्चा चालली होती तेव्हांही अनेक थोरामोठ्यांनीं हाच आक्षेप घेतला होता. त्यावर आमचें उत्तर एवढेंच कीं, ज्या गोष्टीचा उच्चार करण्यास सभ्य लोक लाजतात, ती गोष्ट करण्यास असभ्य लोकांस आयतीच मुभा मिळते. लाज वाटावयाची ती अत्याचार करणारास व तो होऊं देणारास वाटली पाहिजे. तो सोसणारास व तो सांगणारास नव्हे.

आमच्या व्यापारी वाचकांस ही गोष्ट त्यांच्याच धंद्यांतल्या भाषेनें सांगतां येईल. एखाद्या अडत्याच्या वखारींत आपण शंभर पोतीं ठेवलीं आणि परत घेतेवेळीं त्यांतलीं दहा भिजून कुजलेलीं निघालीं, तर अडत्यास हात झटकून मोकळें होतां येत नाहीं. १८७२ च्या कराराच्या कायद्याचें १५१ वें कलम सांगतें कीं, दुसऱ्याचा माल ज्याच्या ताब्यांत असेल त्यानें, सामान्य शहाणा माणूस स्वतःच्या तशाच मालाची जितकी काळजी घेईल तितकी घेतली पाहिजे. तुरुंगांतला माणूस ही सरकारच्या ताब्यांतली ठेव आहे. बाहेरच्या माणसावर हल्ला झाला तर तो पळतो, दार लावून घेतो, शेजाऱ्यास हांक मारतो, पोलिसांत जातो. कैद्याचे हे सर्व मार्ग सरकारनें स्वतःच्या हातानें कुलूप लावून बंद केलेले असतात. ज्यानें दुसऱ्याच्या बचावाचीं सर्व साधनें काढून घेतलीं, त्याच्यावर त्याच्या रक्षणाची संपूर्ण जबाबदारी येते. पोत्याच्या बाबतींत जो न्याय आपण क्षणभरही सोडणार नाहीं, तो माणसाच्या बाबतींत सोडावयाचा काय?

“पण ते गुन्हेगार आहेत” असें म्हणणारांनीं आधीं आंकडे पाहावे. सरकारच्या राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागानें छापलेल्या हिशेबाप्रमाणें ३१ डिसेंबर २०२२ रोजीं देशांतील तुरुंगांत ५,७३,२२० माणसें होतीं. जागा होती ती ४,३६,२६६ जणांपुरती. या माणसांपैकीं ४,३४,३०२, म्हणजे शेंकडा ७५·८, कच्चे कैदी होते. त्यांचा गुन्हा कोणत्याही न्यायालयांत शाबीत झालेला नव्हता. अर्थात् आपल्या तुरुंगांत दर चार माणसांत तीन माणसें कायद्याच्या दृष्टीनें निर्दोषच असतात. पुष्कळांचा अपराध इतकाच कीं, त्यांस जामीनदार मिळत नाहीं. आज जो गृहस्थ पेढीवर बसून हें वाचीत आहे त्याचा मुलगा, मुनीम किंवा गाडीवान उद्यां एखाद्या अपघाताच्या अगर खोट्या फिर्यादीच्या पायीं त्या भिंतीआड जाणार नाहीं, अशी हमी कोणी द्यावी?

वकिलीच्या पहिल्या वर्षांत आमच्याकडे चोरीचा एक खटला आला होता. आरोपी एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा. जामीन न मिळाल्यामुळें पांच महिने आंत होता. तारखेच्या दिवशीं त्यानें जामिनाची गोष्टच काढली नाहीं. “साहेब, माझी बराक बदलून द्या,” एवढेंच तो दोनतीनदां म्हणाला. कां, असें विचारतां त्यानें शेजारच्या शिपायाकडे पाहिलें व मान खालीं घातली. कांहीं भांडणतंटा असेल असें समजून आम्हीं तें मनावर घेतलें नाहीं. पुढच्या तारखेस त्यानें आमचा सल्ला न घेतां गुन्हा कबूल केला. सरकारपाशीं पुरता पुरावा नव्हता; खटला बहुधा सुटला असता. पण शिक्षा झालेल्या कैद्यांस दुसऱ्या बराकींत नेतात, असें त्यास कोणी तरी सांगितलें होतें. त्या कबुलीचा अर्थ आम्हांस फार उशिरां कळला, आणि कळल्यापासून तो विसरतां आलेला नाहीं. कैद्यास बोलतां येत नाहीं हें खरें. पण त्याच्या वकिलासही ऐकतां येत नाहीं, हें त्याहून वाईट.

या विषयांत आपल्या देशाचा कायदा ज्या प्रकरणानें हालला तें आपल्याच प्रांतांतलें आहे. २६ मार्च १९७२ च्या रात्रीं, तेव्हांच्या चंद्रपूर जिल्ह्यांतील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यांत एका आदिवासी मुलीस जबाबासाठीं बोलाविलें होतें. जबाब संपल्यावर बरोबरच्या मंडळीस बाहेर काढून तिला आंत ठेवून घेण्यांत आलें, आणि ठाण्यांतल्या शिपायानें तिच्यावर अत्याचार केला, असा खटला दोन पोलिसांवर झाला. सेशन्स कोर्टानें १९७४ सालीं आरोपींस सोडलें. नागपूरच्या उच्च न्यायालयानें १९७६ सालीं शिक्षा दिली. सर्वोच्च न्यायालयानें १९७८ सालीं पुन्हा सोडलें. अंगावर जखमा नाहींत, आरडाओरड नाहीं, तेव्हां संमति होती, असा त्या निकालाचा मतितार्थ. रात्रीची वेळ, दारें बंद, समोर गणवेषांतला शिपाई, आणि वयांत येत असलेली एक निराधार पोर. अशा ठिकाणीं न ओरडणें म्हणजे राजी असणें! १९७९ सालीं उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि पुण्याच्या वसुधा धागमवार या चार कायदेपंडितांनीं सरन्यायाधीशांस उघड पत्र लिहून या तर्काचें वाभाडें काढलें. देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि १९८३ सालीं कायदा बदलला. ताब्यांतल्या स्त्रीशीं पोलिसानें, सरकारी नोकरानें किंवा तुरुंगाच्या अधिकाऱ्यानें संग केल्याचें सिद्ध झालें, आणि आपली संमति नव्हती असें तिनें न्यायालयांत सांगितलें, तर संमति नव्हती असेंच न्यायालयानें धरून चालावयाचें; उलट शाबीत करण्याचा बोजा आरोपीवर. या गुन्ह्यास कमींत कमी दहा वर्षांची शिक्षाही त्याच वेळीं ठरली. ठेवीचा जो न्याय आम्हीं वर सांगितला तोच हा. दुर्दैवाची गोष्ट एवढीच कीं, ज्या मुलीमुळें सर्वांस हें संरक्षण मिळालें तिला स्वतःला कांहींच मिळालें नाहीं.

त्याच वर्षीं मुंबईचें दुसरें प्रकरण निकालास आलें. पत्रकार शीला बारसे यांनीं मे १९८२ मध्यें परवानगी घेऊन मुंबईच्या मध्यवर्ती तुरुंगांतील पंधरा स्त्रियांच्या भेटी घेतल्या. त्यांपैकीं पांच जणींनीं पोलीस कोठडींत आपणांस मारहाण झाल्याचें सांगितलें. बारसे यांनीं सर्वोच्च न्यायालयास पत्र लिहिलें व न्यायालयानें त्या पत्रासच अर्ज मानलें. १५ फेब्रुवारी १९८३ च्या निकालांत न्यायमूर्ति भगवती यांनीं जे हुकूम दिले ते प्रत्येक पोलीस ठाण्याच्या भिंतीवर लावण्याजोगे आहेत: स्त्रियांसाठीं वेगळ्या कोठड्या व त्यांवर स्त्री-शिपायांचा पहारा, स्त्रीची चौकशी स्त्री-पोलिसांच्या समक्षच, सत्र न्यायाधीशानें न कळवितां कोठड्या तपासणें, आणि आरोपीस पुढें आणतांच, पोलिसांनीं छळ केला काय, असें मॅजिस्ट्रेटनें स्वतः विचारणें. हा शेवटचा प्रश्न किती न्यायालयांत मनापासून विचारला जातो, हें वकील मंडळींनीं आपल्याशींच आठवून पाहावें.

येथपर्यंत स्त्रियांची गोष्ट झाली. आतां ज्या गोष्टीविषयीं याहूनही दाट मौन आहे तिच्याकडे वळूं. २०२२ च्या त्या हिशेबांत स्त्री-कैदी २३,७७२ होत्या, म्हणजे शंभरांत चार. बाकीचे बहुतेक सर्व पुरुष आणि तरुण मुलगे. त्यांच्यावर अत्याचार होत नाहीं काय? १९७९ सालीं दिल्लीच्या तिहार तुरुंगांतून सुनील बत्रा नांवाच्या फांशीच्या कैद्यानें सर्वोच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींस पत्र धाडलें. त्याची स्वतःबद्दल कांहींच तक्रार नव्हती. एका वॉर्डरनें दुसऱ्या कैद्याकडून पैसे उकळण्यासाठीं त्याच्या गुदद्वारांत काठी खुपसून त्यास जबर जखमी केलें, हें कळविण्यासाठीं तें पत्र होतें. न्यायालयानें डॉ. चितळे व मुकुल मुद्गल या वकिलांस तुरुंगांत पाठविलें, तक्रार खरी ठरली, आणि न्यायमूर्ति कृष्ण अय्यर यांनीं त्यावरून कैद्यांच्या हक्कांचा मोठा निकाल लिहिला. १९८२ सालीं कानपूरच्या तुरुंगांतील अल्पवयी मुलांवर प्रौढ कैदी अत्याचार करितात, ही वर्तमानपत्रांतली बातमी सर्वोच्च न्यायालयापुढें आली. पुढें संजय सुरी या पत्रकाराच्या अर्जावरून तिहारमधील मुलांची तीच कहाणी जिल्हा न्यायाधीशाच्या चौकशींतून बाहेर पडली. तेव्हां, ज्या वॉरंटावर आरोपीचें वय लिहिलेलें नाहीं तें वॉरंट तुरुंगानें स्वीकारूं नये, असा हुकूम झाला. या तीन प्रकरणांतून एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. तिन्ही वेळां बातमी बाहेर आली ती तुरुंगाच्या अधिकाऱ्यांकडून नव्हे. एका कैद्याच्या पत्रानें व वर्तमानपत्रांनीं ती बाहेर आणली.

आणि कायदा? येथें आम्हांस वकील या नात्यानें अत्यंत खेदानें एक गोष्ट सांगणें भाग आहे. १८६० च्या दंडसंहितेंत बलात्काराची व्याख्या पुरुषानें स्त्रीवर केलेला, अशीच होती. पुरुषावर जबरी झाली तर ३७७ वें कलम लावीत. तें कलम जुनें व सदोष होतें. राजीखुशीचा संबंध आणि जबरी यांत तें भेदच करीत नसे. ६ सप्टेंबर २०१८ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें प्रौढांच्या राजीखुशीच्या संबंधापुरतें तें रद्द केलें, तें योग्यच झालें; जबरीपुरतें तें शाबूत ठेवलें. पण १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेंत तें कलम समूळ गाळण्यांत आलें, आणि त्याच्या जागीं दुसरें कांहींच घालण्यांत आलें नाहीं. संसदेच्या समितीनें २०२३ सालींच याविषयीं सावध केलें होतें. ऑगस्ट २०२४ मध्यें दिल्लीच्या उच्च न्यायालयानें केंद्र सरकारास या पोकळीचा विचार करण्यास सांगितलें. ऑक्टोबर २०२४ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें, नवा गुन्हा निर्माण करणें हें संसदेचें काम, असें म्हणून अर्ज घेतला नाहीं. परिणाम असा झाला कीं, बराकींत चौघांनीं मिळून एकवीस वर्षांच्या कैद्यावर जबरी केली, तर फिर्याद नोंदवावयाची ती दुखापतीची, मारहाणीची किंवा अटकावाची. जणूं नळावर बादलीवरून भांडण झालें! अठरा वर्षांखालील मुलांस २०१२ चा कायदा आहे. तृतीयपंथी व्यक्तींच्या बाबतींत २०१९ चा कायदा लैंगिक अत्याचारास सहा महिने ते दोन वर्षें एवढीच शिक्षा सांगतो. ताब्यांतल्या स्त्रीवर बलात्काराचा आरोप झाल्यास मॅजिस्ट्रेटनें चौकशी केलीच पाहिजे, असा नियम फौजदारी कार्यपद्धतींत आहे. पण तो नियमही स्त्रियांपुरताच. स्त्रियांसाठीं झालेल्या कायद्याचा एक शब्दही कमी करावा असें आम्ही म्हणत नाहीं. तो मोठ्या कष्टानें मिळाला आहे. त्याच्या शेजारीं, कैदी कोणीही असो, त्याच्या देहावरील जबरीस स्वतंत्र व कडक कलम हवें, एवढीच आमची मागणी आहे.

आतां हा प्रकार घडतो कसा, तें पाहूं. कारण रोगाचें मूळ कळल्यावांचून औषध देतां येत नाहीं. तो कांहीं एखाद्या राक्षसाच्या लहरीनें घडत नाहीं. शंभरांच्या बराकींत दीडशे माणसें कोंबलीं म्हणजे निजण्याच्या जागेचा प्रश्न येतो. जागा वांटण्याचा अधिकार दांडग्या कैद्यांच्या हातीं जातो. आणि ज्याच्या हातीं जागा त्याच्या हातीं माणूस. नवा आलेला पोरगा तंबाखूच्या चिमटीचा, साबणाच्या वडीचा, घरीं फोन लावून देण्याचा ऋणी होतो, आणि तें ऋण फेडण्याची वेळ रात्रीं येते. पहारेकरी थोडे, रात्रीचे तास लांब. शिस्त राखण्याचा सोपा मार्ग म्हणून जुन्या कैद्यांसच वॉर्डर नेमून बाकीच्यांवर सत्ता देण्यांत येते. अमेरिकेंत टेक्ससच्या तुरुंगांत नेमकी हीच रीत होती. १९८० सालीं तेथील संघराज्याच्या न्यायाधीशानें रुइझ खटल्यांत तिचें बिंग फोडलें व ती मोडली. कैद्यावर कैद्याची सत्ता चालविणें म्हणजे लांडग्यास मेंढवाड्याचा हिशेब सांभाळावयास देणें होय.

मग कैदी तक्रार कां करीत नाहीं? कारण तक्रार द्यावयाची ती बहुधा ज्याच्याविरुद्ध आहे त्याच्याच हातून पुढें जावयाची. दिवसा तक्रार केली तरी रात्रीं झोंपावयाचें त्याच बराकींत. अधिकाऱ्यानें मनावर घेतलेंच तर ‘संरक्षण’ म्हणून फिर्यादीसच एकांत कोठडींत टाकतात. म्हणजे मार खाल्ला त्यानेंच, शिक्षाही त्यालाच. वैद्यकीय पुरावा दोनतीन दिवसांत नाहींसा होतो. आणि वर लोकलाज. बायकोस काय सांगावें, बापास काय सांगावें? अशा रीतीनें तक्रार येत नाहीं, आणि तक्रार नाहीं म्हणून अत्याचार नाहीं, असा अहवाल वर जातो.

अमेरिकेनें या बाबतींत केलेली वाटचाल पाहण्यासारखी आहे. ती पुण्यभूमि आहे म्हणून नव्हे, तर तेथें हा रोग अतोनात माजला होता म्हणून. १९६८ सालीं फिलाडेल्फिया शहरच्या सरकारी वकील ॲलन डेव्हिस यांनीं तेथील तुरुंगांची चौकशी केली, आणि सव्वीस महिन्यांत सुमारें दोन हजार अत्याचार झाले असावेत असा अंदाज छापला. १९७३ सालीं शांततेनें निदर्शन करणारा स्टीफन डोनाल्डसन वॉशिंग्टनच्या तुरुंगांत या अत्याचारास बळी पडला. त्यानें तोंड लपविलें नाहीं, उघड सभेंत वर्तमानपत्रांस सर्व सांगितलें आणि उरलेलें आयुष्य याच कामास दिलें. १९९४ सालीं फार्मर खटल्यांत तेथील सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं, धोका ठाऊक असतां डोळेझांक करणारा अधिकारी राज्यघटनेचा भंग करितो. अखेर २००३ सालीं तेथील दोन्ही पक्षांनीं एकमतानें तुरुंगांतील बलात्कार निवारण्याचा कायदा केला व २०१२ सालीं त्याखालीं नियम झाले. त्या कायद्यांतली सर्वांत शहाणपणाची गोष्ट म्हणजे मोजणी. कैद्यांस गुप्तपणें, अधिकाऱ्यांच्या माघारीं प्रश्न विचारले गेले. २०११-१२ च्या पाहणींत मोठ्या तुरुंगांतील शंभर कैद्यांपैकीं चार जणांनीं, मागल्या बारा महिन्यांत आपल्यावर असा प्रसंग आल्याचें सांगितलें. तेथील दुखणें अद्याप गेलेलें नाहीं. पण तेथें आतां कोणास ‘असें कांहीं घडतच नाहीं’ म्हणून हात वर करितां येत नाहींत. आपण अशी मोजणी केलेली नाहीं. ज्या दुकानाची रोजमेळ लिहिली जात नाहीं, तेथें चोरी होत नाहीं असें कोणता व्यापारी छातीवर हात ठेवून सांगेल?

आतां कांहीं आक्षेपांचा परामर्श घेऊं. पहिला आक्षेप, दुष्टांस दुष्टपणाचें फळ मिळतें. परंतु दुष्टास हें फळ मिळत नाहीं. जो सर्वांत दांडगा तोच अत्याचार करितो, व जो सर्वांत दुबळा, वयानें लहान, प्रथमच आलेला, तो सोसतो. शिवाय तो कधीं तरी बाहेर येणार आहे; मन मोडलेला, सूडानें जळणारा, कदाचित् रोग घेऊन आलेला असा तो आपल्याच आळींत येणार आहे. दुसरा आक्षेप, स्त्रियांवर स्त्री-पहारेकरी नेमले म्हणजे झालें. तें अवश्य आहे, पण पुरेसें नाहीं. जून २०१७ मध्यें मुंबईच्या भायखळा तुरुंगांत एका स्त्री-कैद्याचा मृत्यु झाला. तिला अमानुष मारहाण झाली व तिच्यावर काठीनें लैंगिक अत्याचारही झाला, असें सोबतच्या कैदी स्त्रियांनीं सांगितलें, आणि सहा स्त्री-कर्मचाऱ्यांवर खुनाचा आरोप ठेवण्यांत आला. न्यायनिवाडा न्यायालयाचा, आम्ही एवढेंच म्हणतों कीं, नुसता पहारेकरी बदलून भागत नाहीं, पहारेकऱ्यावर पहारा हवा. तिसरा आक्षेप पैशांचा. त्यास उत्तर असें कीं, पुढील उपायांपैकीं निम्म्यांस पैसा लागत नाहीं, इच्छा लागते.

पहिला उपाय, वांटणी. कैदी दरवाजांतून आंत येतो त्याच दिवशीं त्याचें वय, शरीर, पूर्वीची शिक्षा व त्यास असलेला धोका पाहून कोठें ठेवावें हें लेखी ठरलें पाहिजे. तरुणांस प्रौढांपासून व कच्च्या कैद्यांस पक्क्यांपासून वेगळें ठेवा, असें १८९४ चा तुरुंगाचा कायदाच सांगतो. तृतीयपंथी कैद्यांच्या वेगळ्या व सुरक्षित व्यवस्थेविषयीं केंद्र सरकारनें जानेवारी २०२२ मध्यें राज्यांस लिहिलें आहे. कायदा जुना आहे, सूचना नवी आहे. दोहोंचा अंमल मात्र व्हावयाचा आहे. दुसरा, गर्दी कमी करणें. पूर्वीं कधींही शिक्षा न झालेल्या कच्च्या कैद्यानें कमाल शिक्षेच्या एक-तृतीयांश मुदत भोगली असेल, तर कांहीं अपवाद सोडून त्यास बंधपत्रावर सोडावें, व तसा अर्ज तुरुंगाच्या अधीक्षकानेंच करावा, असें नव्या कार्यपद्धतीचें ४७९ वें कलम म्हणतें. हें कलम नेटानें चालविलें तर कित्येक बराकींत माणसांस पाठ टेकण्यापुरती जागा होईल. तिसरा, कोणत्याही कैद्याच्या हातीं दुसऱ्या कैद्याची जागा, अन्न, काम किंवा किल्ली असतां कामा नये. रात्रीं उजेड व पगारी पहारेकऱ्याची फेरी हवी. फेरीची नोंद वेळ घालून व्हावी.

चौथा उपाय सर्वांत महत्त्वाचा: तक्रारीचा मार्ग तुरुंगाच्या बाहेर उघडला पाहिजे. प्रत्येक तुरुंगांत तक्रारपेटी असावी व ती जिल्हा मॅजिस्ट्रेट आणि सत्र न्यायाधीश यांच्या हुकमतींत उघडावी, असें बत्रा प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें सांगून ठेवलें आहे. ती पेटी कोठें टांगली आहे, तिची किल्ली कोणाजवळ आहे, आणि गेल्या वर्षीं ती किती वेळां उघडली, हे तीन प्रश्न प्रत्येक जिल्ह्याच्या वकील-मंडळानें विचारावे. पांचवा, तक्रार येतांच त्याच दिवशीं बाहेरच्या सरकारी इस्पितळांत तपासणी. पुराव्यासाठीं तर ती हवीच. पण एड्सचा संसर्ग टाळणारें औषधही ७२ तासांच्या आंत सुरू केलें तरच उपयोगी पडतें. सहावा, बराकींतून हालवावयाचें तें आरोपितास, तक्रारदारास नव्हे. आणि तक्रार केल्याबद्दल त्याची मुलाकात, काम अगर सूट बंद होतां कामा नये. सातवा, चौकशी मॅजिस्ट्रेटनें करावी, आणि कार्यपद्धतींतला ‘स्त्री’पुरता नियम सर्व कैद्यांस लागू व्हावा. आठवा, दोन वर्षांतून एकदां कैद्यांची गुप्त पाहणी होऊन तिचे आंकडे तुरुंगवार छापले जावे. २०२३ सालीं केंद्र सरकारनें तुरुंगांचा नमुना कायदा राज्यांकडे पाठविला आहे. प्रत्येक राज्याच्या विधिमंडळानें आपला कायदा करितांना हे नियम त्यांत घालावे.

सरकारनें काय करावें तें झालें. आपण काय करावें? तुरुंग पाहावयास जाणाऱ्या बिनसरकारी सभासदांची व्यवस्था आपल्याकडे जुनी आहे. पुष्कळ ठिकाणीं त्या जागा रिकाम्या असतात, किंवा वर्षांतून एकदां हारतुरे घेऊन, अधीक्षकाच्या खोलींत चहा पिऊन परत येणाऱ्या गृहस्थांकडे असतात. गांवांतील डॉक्टर, निवृत्त शिक्षक, वकील, पेढीवाले आणि विशेषतः स्त्रिया यांनीं या जागा मागून घ्याव्या. न कळवितां जावें. संध्याकाळीं, बराकी बंद होण्याच्या सुमारास जावें. सर्वांत तरुण कैदी कोणता तें विचारून त्याच्याशीं शिपाई दूर ठेवून बोलावें. आणि वकील-बंधूंस आमची हात जोडून विनंति आहे कीं, तारखेस आलेला अशील ‘बराक बदलून द्या’ असें म्हणाला, तर तें भांडणतंट्याचें बोलणें समजून सोडून देऊं नये. त्याच दिवशीं न्यायाधीशापुढें उभें राहावें. आम्ही उभे राहिलों नाहीं.

न्यायालयानें दिलेली शिक्षा कैद्यानें पूर्ण भोगावी. तींत एक दिवस कमी व्हावा असें आम्ही म्हणत नाहीं. पण तींत एक रात्रही जास्त होतां कामा नये.